पेपर कप बंद केले म्हणजे ऑफिस ग्रीन झालं का?

चष्मिष: काल एकाने इथे फोटो टाकला, कंपनीने पेपर कप बंद करून सगळ्यांना स्टीलचे मग दिले आणि खाली लिहिलं 'आमचं ऑफिस आता ग्रीन'. शंभरेक लोकांनी वा वा केलं. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. अहो, ऑफिसचं खरं बिल एसीचं असतं. आमच्याकडे एसी २१ वर, एप्रिलमध्ये मुली शाल घेऊन बसतात. रात्रपाळीला एका कोपऱ्यात मोजकी माणसं आणि थंड होतो अख्खा मजला. पश्चिमेची भिंत पूर्ण काचेची, ऊन येतं म्हणून पडदे खाली, आणि अंधार होतो म्हणून भर दुपारी ट्यूबलाइट चालू! एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई (वीजबचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) कधीपासून सांगतंय. ते कोणी करत नाही, स्टीलच्या मगचे फोटो मात्र टाकतात.

फॅसिलिटीवाला: मी हेच काम करतो म्हणून बोलतो. आधी कपाचं. पेपर कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, रद्दीवाला घेत नाही, उरलेल्या चहासकट ओल्या कचऱ्यात जातो आणि तो कचरापण वाया घालवतो. रोज मोठ्या पिशव्या भरून जातात, तुम्हाला दिसत नाहीत कारण तुम्ही यायच्या आत त्या गेलेल्या असतात. आता एसी. जानेवारी २०२० पासून २४ डिफॉल्टचा नियम आला तो रूम एसीला, अख्ख्या इमारतीला थंड करणाऱ्या सेंट्रल चिलरला नाही. मी २४ केलं की काचेकडचे लोक घामाघूम, लगेच तक्रार, आणि डक्टखालचे तरीही गारठलेले, ते व्हेंटला पुठ्ठा चिकटवतात. मग हवा दुसरीकडे जोरात जाते आणि तिथलेही ओरडतात. काच बिल्डरने लावली, आम्ही भाडेकरू. सांगा काय करू.

रुपाली: पण हे स्टीलचे मग धुतं कोण, ते कोणी विचारलं का? आमच्याकडे कप बंद झाले आणि पँट्रीतल्या मावशींचं काम वाढलं, पगार तोच. गरम पाणी नाही, चिकट चहाचे मग गार पाण्यात घासतात. पर्यावरण कंपनीचं आणि हात मावशींचे.

तळेगावकर: तुम्ही सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. लॅपटॉपवरच्या कामासाठी माणसाला हिंजवडीला बोलावता कशाला? भूमकर चौकात गाड्या तासन् तास धूर सोडत उभ्या. घरी बसू द्या, एसी पण वाचेल, चहाचे मग पण आणि पेट्रोल पण.

फॅसिलिटीवाला: घरी काय हवा फुकट येते का? एकेकाच्या बेडरूममध्ये दीड टनाचा एसी.

तळेगावकर: आम्ही पंख्याखाली काम करतो साहेब, सगळ्यांना स्वतःसारखं समजू नका. आणि कंपनी पेट्रोल का मोजत नाही ते पण सांगा ना. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या बीआरएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी पर्यावरण-समाजाबद्दल द्यायच्या अहवालात, वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना विजेचे आकडे द्यावेच लागतात, कर्मचाऱ्यांच्या येण्याजाण्याचा धूर मात्र ऐच्छिक रकान्यात. आमच्या खिशातून जळतो तो कोणाच्याच हिशोबात नाही.

चष्मिष: तसंच बघायचं तर घरून काम केलं की कंपनीचं वीजबिल तुमच्या मीटरवर जातं आणि कंपनी म्हणते आम्ही उत्सर्जन कमी केलं. आणि जरा गणित करा. एक लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. जाऊनयेऊन ५० किमी, ट्रॅफिकमध्ये कार १५ चा अ‍ॅव्हरेज देत असेल तर साडेसात किलोच्या वर. आपली वीज बरीचशी कोळशाची, युनिटला ०.७ किलोच्या आसपास. दिवसभरात घरच्या एसीने ८ युनिट खाल्ले तरी साडेपाच-सहा किलो. म्हणजे एकटा कारने येणारा घरी बसला तर फायदा, पण ४५ चा अ‍ॅव्हरेज देणाऱ्या बाइकवाल्याने घरी एसी लावला तर उलटा तोटा.

तळेगावकर: बाइकवाला पावसात भिजत, खड्डे चुकवत येतो त्याचं गणित कुठाय? माझा मित्र बाइकवरून पडून पाय मोडून घेऊन बसलाय. तुम्ही किलो मोजत बसा.

रुपाली: भाऊ, पायाचं वाईट वाटलं, पण इथे विषय धुराचा होता. आणि घरून काम हा सगळ्यांना आनंद नाही. टू-रूम किचनमध्ये सासू-सासरे, मुलाचा अभ्यास आणि माझा कॉल, मला ऑफिसच बरं वाटतं.

तळेगावकर: मग ज्यांना यायचंय त्यांनी यावं. सक्ती कशाला?

फॅसिलिटीवाला: कारण अर्धे आले तरी पूर्ण मजला थंड करावा लागतो! एचआरने प्रत्येक टीमला घरून कामाचा वेगळा वार दिलाय, त्यामुळे पाचही दिवस सगळे मजले चालू. तुमचं पेट्रोल वाचलं असेल, माझं एक युनिट वाचलं नाही.

चष्मिष: मग सगळ्यांना एकच वार द्या, उरलेल्यांना एका मजल्यावर बसवा, बाकीच्या मजल्यांची हवा पूर्ण बंद. रात्रपाळीला पण तेच. त्याला काच बदलावी लागत नाही.

फॅसिलिटीवाला: हे होण्यासारखं आहे, मान्य. टीमलीड लोक आपल्या जागा सोडणार नाहीत, भांडणं होतील, पण एचआरला लिहून देतो. मावशींसाठी पँट्रीत गीझर पण त्याच पत्रात टाकतो, रुपालीताईंचं बरोबर आहे. २४ चं मात्र मी आत्ता मानणार नाही. आधी काचेकडच्या रांगेत पंखे आणि काचेला फिल्म लावू द्या, मग आकडा वाढवू.