मधमाशीपालनाची नोंदणी: उद्यमला कोड कोणता टाकू? शेती की धंदा?

सांगोलेकर: नमस्कार मंडळी. माझ्याकडे मेलिफेरा (युरोपियन जातीची मधमाशी) च्या 40 पेट्या आहेत, बहाराच्या टायमाला आजूबाजूचे डाळिंबवाले परागीभवनासाठी भाड्यानं नेतात आणि मध आत्तापर्यंत ओळखीपाळखीत सुटाच जायचा, पण आता बरणीत भरून स्वतःच्या नावानं विकायचा विचार चाललाय. सायबर कॅफेवाला म्हणतो उद्यमचे (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) 2500 होतील आणि कोड रिटेलचा टाकू. सातबारा वडिलांच्या नावावर, पेट्या माझ्या. आधी काय काढू?

वाईचा मधपाळ: पहिलं म्हणजे त्याला एक रुपया देऊ नका. उद्यम फुकट आहे हो, आधार-पॅन आणि ओटीपी, घरबसल्या होतं. कोडचं म्हणाल तर एनआयसी 2008 मध्ये (व्यवसायांच्या कोडची सरकारी यादी) मधमाशीपालनाला स्वतंत्र नंबर आहे, 01492, मध आणि मेण दोन्ही त्यातच. रिटेलचा 47 टाकलात तर कागदावर तुम्ही दुकानदार, आणि ट्रेडिंगवाल्यांना उद्यमचा फायदा फक्त प्रायॉरिटी सेक्टर कर्जापुरता (बँकांनी प्राधान्यानं द्यायचं कर्ज). गाळून बरणीत भरणार असाल तर 10 नं सुरू होणारा खाद्यपदार्थ उत्पादनाचा कोडपण जोडा, एकापेक्षा जास्त चालतात.

पण मी तुमच्या जागी असतो तर उद्यमच्या आधी मधुक्रांती केलं असतं. नॅशनल बी बोर्डाचं मधपाळांच्या नोंदणीचं पोर्टल आहे, 2021 ला सुरू झालं, किमान 10 वसाहती (माश्या असलेल्या पेट्या) लागतात, तुमच्या आहेतच. पेट्या रात्रीच्या गाडीत घालून दुसऱ्या जिल्ह्यात नेताना जवळ एखादा सरकारी कागद असलेला बरा.

हिशोबनीस: शेती की धंदा ते समोर कोण बसलंय त्यावर आहे 😄 बँकेसाठी शेतीपूरक, आरबीआयच्या प्रायॉरिटी सेक्टरमध्ये मधमाशीपालन दुग्धव्यवसाय-कुक्कुटपालनाच्याच ओळीत आहे. इन्कम टॅक्सला मात्र सरळ धंदा, मधाचे पैसे शेतीउत्पन्नात धरत नाहीत, त्यामुळे वडिलांच्या डाळिंबाच्या विक्रीच्या हिशोबात हे मिसळू नका, बँक खातंच वेगळं ठेवा. जीएसटीत सुटा मध करमुक्त, तोच पॅक करून लेबल लावला की 5 टक्के (मालाचा जीएसटी कोड, म्हणजे एचएसएन, 0409). नुसता माल विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण लेबलवाली बरणी विजापूरला विकलीत की राज्याबाहेर गेली, तिथं 40 लाखांची सूट नाही, नोंदणी आधी.

सातेरीप्रेमी: आणि फूड लायसन विसरलात की सगळे! स्वतःच्या पेट्यांचा कच्चा मध शेतकरी म्हणून विकणं वेगळं आणि ब्रँडची बरणी वेगळी. उलाढाल छोटी असेल तर बेसिक रजिस्ट्रेशन, वर्षाला 100 रुपये, फॉस्कॉसवर (फूड लायसनचं सरकारी पोर्टल) करायचं. तो 14 आकडी नंबर लेबलवर येतो, सोबत निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना, पत्ता, तक्रारीसाठी फोन. वजनमापेवाल्यांकडे पॅकर म्हणूनही नोंद करावी लागते. लेबल हे सगळं झाल्यावर छापा.

मधात पाणी 20 टक्क्यांच्या वर चालत नाही. पोळ्याची चौकट किमान पाऊण तरी मेणानं बंद झाल्याशिवाय मधयंत्रात घालू नका, रिफ्रॅक्टोमीटरवर (मधातलं पाणी मोजायचं उपकरण) एक थेंब टाकून बघा. पातळ मध बरणीत आंबतो, मग झाकण उघडलं की फेस, आणि गिऱ्हाईक तुमचंच नाव घेणार.

घाटमाथा: सांगोलेकर, पेट्या वाढवायच्या असतील तर खादी ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयात विचारा, मधकेंद्र योजनेत निम्मं अनुदान, निम्मे आपले. आमच्याकडे सातेरीवाले (सातेरी ही देशी मधमाशी) बरेच जण त्याच वाटेनं आलेत.

सांगोलेकर: सगळ्यांचे आभार. सायबरवाल्याला नाही म्हणून सांगितलं. एक राहिलं, 15 पेट्या ओळखीतल्याकडून रोखीनं घेतल्यात, बिल नाही.

वाईचा मधपाळ: त्याच्याकडून पावती लिहून घ्या, तारीख, पेट्यांची संख्या, रक्कम, दोघांच्या सह्या. आणि अर्ज तुमच्याच नावानं करा, वडिलांच्या नावानं नको, पेट्या ज्याच्या त्याचाच अर्ज. पेट्यांवर रंगानं नंबर टाकून फोटो काढून ठेवा, चोऱ्या वाढल्यात हल्ली.