एदो काळातल्या विनोदी कविता: सरकारवर टीका की नुसती करमणूक?

धागाकर्ता:
माझं स्पष्ट मत आहे, एदो काळातल्या जपानमध्ये (१६०३-१८६८) सेनर्यू, म्हणजे छोट्या विनोदी कविता, एवढे गाजले कारण सामान्य माणसाला सरकारला चिमटा काढायची दुसरी सोयच नव्हती. साचा हायकूचाच, ५-७-५ अक्षरांच्या तीन ओळी, पण ऋतूबितू आणायची सक्ती नाही, सगळा विषय माणसांचा. एकाचा भाव सांगतो: अधिकाऱ्याचं तान्हं बाळ, मुठी आवळायला काय पटकन शिकलं! अख्खी लाचखोरी आली की यात. १७६५ च्या 'यानागिदारू' संग्रहातली ही रचना पुढे कान्सेई सुधारणांच्या, म्हणजे सरकारने लादलेल्या काटकसर-शिस्तीच्या (१७८७-९३) कडक काळात काढून टाकली. झोंबली म्हणूनच ना?

प्रतिसाद १:
साफ असहमत. एका रचनेवरून अख्खा प्रकार बंडखोर ठरवू नका हो. मुळात ही बक्षिसाची स्पर्धा, परीक्षक १४ अक्षरं द्यायचा, लोक फी भरून त्याला १७ अक्षरांची जोड पाठवायचे, निवड झाली की बक्षीस. ज्यांच्यावरून नाव पडलं ते काराई सेनर्यू स्वतः एदो शहरातल्या (आजचं टोकियो) असाकुसा भागाचे वस्तीप्रमुख, म्हणजे कारभारातलेच! १७५७ पासून ते परीक्षक, पुढे एकेका स्पर्धेला दहा हजारांवर रचना यायच्या, एवढे सगळे काय सरकारवर चिडून लिहीत होते? संग्रहात बघा, सासू-सून, फुकट राहणारा आश्रित, योशिवाराच्या वेश्यावस्तीत चोरून जाणारा नवरा, हेच भरलंय.

प्रतिसाद २:
दोघंही वाचकाला विसरताय. यानागिदारूच्या संपादकाने परीक्षकाची ओळ गाळली आणि एकटी वाचली तरी कळेल अशाच रचना घेतल्या. त्यामुळे स्पर्धेशी संबंध नसलेला माणूसही पुस्तक हातात घेऊन हसू शकला, आणि एदोत तेराकोयात, म्हणजे सामान्यांच्या मुलांच्या शाळांत, लिहायवाचायला शिकलेली माणसं भरपूर होती. म्हणून तर पुढे १६७ भाग निघाले. माझ्या मते खरं श्रेय त्या संपादकाचं.

धागाकर्ता:
@प्रतिसाद १, फी-बक्षीस मान्य, पण त्याने टीकेची धार कशी जाते? रचनेखाली नाव छापत नसत, म्हणूनच लोक बिनधास्त लिहायचे. क्योका या ३१ अक्षरी विनोदी कवितेचं बघा, त्यातला सर्वात गाजलेला ओता नानपो शोगुनच्या पदरचा सामुराई, कान्सेई सुधारणा आणणारा मात्सुदाइरा सादानोबु सत्तेवर आल्यावर त्याने त्यातून अंग काढून घेतलं. निव्वळ करमणूक असती तर एवढं घाबरायचं कारण काय?

प्रतिसाद १:
कारण तेव्हा करमणुकीलाही शिक्षा होत होती! १७९१ मध्ये सान्तो क्योदेन या लेखकाला ५० दिवस हातकड्या घातल्या त्या योशिवारावरच्या गोष्टींसाठी, सरकारवरच्या टीकेसाठी नाही. तेव्हा रचना काढली म्हणजे ती सरकारविरोधीच लिहिली होती, हे मला पटत नाही.