डाळिंबाच्या गुटीला काय बांधावं: डबी, बाटली की पिशवी?

अंगणवाली:
नमस्कार. चार महिन्यांनी आम्ही हे घर सोडतोय आणि मागच्या अंगणातलं डाळिंब बरोबर नेता येणार नाही. सासूबाईंनी लावलेलं झाड आहे, त्या आता नाहीत. बुंधा मनगटापेक्षा जाड झालाय, मुळं भिंतीखाली शिरलीत, त्यामुळे खणून काढण्याचा विचार सोडून दिला. बियांचं रोप अगदी असंच निघेल याची खात्री नाही, आणि मला हेच झाड हवंय. म्हणून गुटी कलम, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिची साल सोलून, तिथे ओलं मॉस बांधून मुळं फुटू द्यायची आणि मग ती कापून लावायची.

सात आठवड्यांपूर्वी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीन फांद्या निवडल्या, प्रत्येकीची साधारण अडीच सेंटीमीटर साल गोल सोलली आणि मुद्दाम तीन वेगवेगळ्या गोष्टी बांधून पाहिल्या. एकीला विकत मिळते ती प्लॅस्टिकची गोल डबी, दोन अर्धे भाग एकमेकांत अडकतात ती, आत मॉस (वाळवलेलं शेवाळ, भिजवून). दुसरीला पाण्याच्या बाटलीचा तुकडा उभा चिरून बसवला आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलं. तिसरीला साधी पारदर्शक पिशवी, मॉस आणि सुतळी.

काल तिन्ही उघडल्या. डबीतलं मॉस कोरडं ठणठणीत, मुंग्यांनी आत अंडी घातलेली. सोललेल्या जागेच्या वरच्या कडेला पांढरट, खडबडीत गाठी आल्यात, पण मूळ एकही नाही. बाटलीतलं कोकोपीट चिखलासारखं झालंय, कुबट वास येतोय आणि फांदी आतून काळी पडलीय. पिशवी वाऱ्याने खाली घसरली होती, सालीची वरची कड उघडीच राहिली. मोठी डबी आणू का? की चूक दुसरीकडेच आहे? वेळ फार उरलेला नाही, म्हणून विचारते.

गच्चीतली बाग:
मी डबीच वापरते आणि मला आवडते. मात्र दोन भाग जिथे जुळतात त्या फटीवर आणि दांडीच्या भोकांवर स्वयंपाकघरातली पातळ फिल्म घट्ट गुंडाळते. नाहीतर डबी दहा-बारा दिवसांत सुकते. मुंग्याही तिथूनच शिरतात.

कलमकाका:
ताई, आधी पहिल्या फांदीबद्दल. त्या गाठी म्हणजे कॅलस, जखम भरताना झाड तयार करतं तो भाग, आणि ते चांगलं लक्षण आहे. फांदी कापू नका. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरत असतं. साल काढली की ते वरच्या कडेशी अडतं, तिथेच गाठी येतात आणि मुळंही तिथूनच फुटतात. लाकडातून पाणी वर जात राहतं, म्हणून फांदी हिरवी राहते. यातच तुमच्या तिसऱ्या फांदीचं उत्तर आहे. काहीही बांधा, पण त्याचा मध्य सोललेल्या भागावर न येता वरच्या कडेवर यायला हवा. खालची कड झाकली गेली की पुरे, वर मात्र दोन-तीन बोटं मॉस हवंच.

आता भांड्याबद्दल. माझ्या मते पेन्सिलीएवढ्या फांदीला मोठी डबी नकोच. ओल्या मॉसला वजन असतं. वारा आला की बारीक फांदी डुलते आणि नुकती फुटलेली मुळं आतल्या आत तुटतात. सोललेली जागा हीच फांदीची सगळ्यात कमजोर जागा, हे विसरू नका. एवढ्या जाडीला मुठीत मावेल एवढा मॉसचा गोळा पुरतो. डबीची खरी सोय अंगठ्याएवढ्या किंवा त्याहून जाड, ताठ फांदीला होते, कारण तिथे गोळा मोठा लागतो आणि फांदी तो पेलते. तेव्हाही मी शेजारच्या फांदीचा किंवा काठीचा आधार देतो.

बाटलीत दोष कोकोपीटचा कमी आणि पाण्याला वाट नसण्याचा जास्त. बाटलीच वापरायची असेल तर तळाला तीन-चार भोकं पाडा आणि कोकोपीट मुठीत दाबून पिळून भरा, बोटांच्या फटीतून पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत. वरून उघडी असल्याने तिला पाणी घालता येतं हा फायदा आहे, पण काढताना कोकोपीट ढासळतं आणि कोवळी मुळं ओढली जातात. मॉस मुळांना धरून ठेवतं. म्हणून मी मॉसवरच राहिलो. काळी पडलेली फांदी खाली निरोगी लाकडापर्यंत कापून टाका.

साध्या पिशवीला कमी लेखू नका. पॉलिथिनमधून वाफ फारशी बाहेर जात नाही, हवेची थोडी देवाणघेवाण मात्र होते; गुटीला नेमकं हेच लागतं. सुतळी भिजते, सुकते आणि ढिली होते. तिच्याऐवजी विजेची चिकटपट्टी घ्या. आधी खालचं टोक बांधा, मग मॉस दाबून भरा, आणि वरचं टोक फांदीशी असं आवळा की पावसाचं पाणी ओघळून आत जाणार नाही. त्यावरून स्वयंपाकघरातली चकचकीत फॉइल. मुळांना अंधार हवा, पण उन्हात काळं प्लॅस्टिक तापतं. फॉइल ऊन परतवते आणि सोडून आत डोकावताही येतं.

पहिल्या फांदीचा कॅलस ब्लेडच्या टोकाने हलकेच तीन-चार ठिकाणी ओरखडा, रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला मदत करणारं औषध) लावा आणि ताजं मॉस बांधा. तिसरीवर दोन कडांमध्ये सालीचा पूल झालाय का पाहा. सालीखालचा बुळबुळीत थर राहिला असेल तर साल पुन्हा जुळते. कोरडं लाकूड लागेपर्यंत खरवडा. दोन्हींवरची फुलं-कळ्या खुडा.

अंगणवाली:
काका, मनापासून आभार. तिसरीवर खरंच सालीचा एक बारीक पट्टा जुळला होता, नखाएवढा. खरवडला. आता दोघींनाही पिशवी आणि फॉइल.

अंगणवाली (५ आठवड्यांनी):
आज सकाळी फॉइल सोडली. पहिल्या फांदीला प्लॅस्टिकच्या आतून चार पांढरी मुळं दिसताहेत, एक तर पिशवीला टेकून वळलंय. तिसरीला गाठीच आहेत. लगेच कापू का?

कलमकाका:
नाही. पांढरी मुळं काचेसारखी ठिसूळ असतात. ती किंचित तपकिरी होऊन त्यांना उपमुळं फुटली की गोळ्याच्या खाली धारदार कात्रीने कापा. पिशवी काढा, मॉस मात्र अजिबात सोडवू नका, तसंच कुंडीत ठेवा. साधारण निम्मी पानं कमी करा आणि महिनाभर सावलीत ठेवा.

गच्चीतली बाग:
कुंडीत बारकी काठी रोवून रोप तिला बांधा. सुरुवातीला ते मॉसच्या गोळ्यावर डगमगतं.

अंगणवाली (आणखी ३ आठवड्यांनी):
काल कापली. सासूबाई ज्या कुंडीत तुळशीची रोपं करायच्या, तीच घेतली. पानं थोडी मलूल होती, संध्याकाळी सावरली. तिसऱ्या फांदीला आता दोन मुळं दिसताहेत. घर सोडायला साधारण नऊ आठवडे आहेत, तिला अजून झाडावरच ठेवलंय.