उत्तर येत असूनही गप्प बसणाऱ्या मुलीला बोलतं कसं करायचं?

आम्ही तिघीजणी मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक ताई म्हणून दर रविवारी १२-१३ वर्षांच्या मुलींना भेटतो, त्यातली एक उत्तर माहीत असूनही नुसती वहीचा कोपरा दुमडत बसते, काय करू?

उत्तर १: ताई, तिला सगळ्यांसमोर उभं करू नका. आधी दोघीदोघींच्या जोड्यांत बोलू द्या, मग चौघींत. आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, आपणच घाईघाईत उत्तर देऊन टाकतो ना, तिथंच सगळं फिसकटतं.

उत्तर २: नुसतं ‘हुशार आहेस’ नको, तिनं नेमकं काय चांगलं केलं ते सांगा. आणि मेंटॉर मधेच सोडून जाणार असेल तर सुरूच करू नका, मुलींना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

प्रश्नकर्ती: जोड्यांचं पटलं, याच रविवारी करते. ११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बालिका दिन असतो, त्याचं सूत्रसंचालन मुलींकडेच देऊ का?

उत्तर १: द्याच!