मदत हवी आहे : आजीसारखी फणसपोळी पुण्यात कशी वाळवू?
१९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधी आम्ही मे महिन्यात रात्रभर एसटीने राजापूरला आजोळी जायचो. आजी बरक्या (मऊ गऱ्यांच्या) फणसाचे गरे बांबूच्या रोवळीवर घासायची, तूप लावलेल्या ताटांत रस ओतायची आणि आम्हा भावंडांना कावळे हाकायला खळ्यात बसवायची. कडेची सुटलेली पोळी आम्ही चोरून खायचो, बोटं दिवसभर चिकट. आता आजी नाही, घर बंद आहे. आई रोज तेच दिवस आठवते. तिच्यासाठी गच्चीत करून पाहिली, पण आतून ओली राहिली आणि आठवड्यात बुरशी आली. रस आधी आटवायचा का? थर किती जाड? उलटायची कधी? ज्यांच्या घरी अजून करतात त्यांनी कृपया सविस्तर सांगा. पाऊस यायच्या आत आईच्या हातात एक तरी तुकडा ठेवायचाय.