मदत हवी आहे: प्रोपेनवर घर तापवण्याचा खर्च आटोक्यात कसा आणू? (अमेरिका, मिशिगन)

नमस्कार मंडळी,

खेड्यात राहणारी, प्रोपेनवर (टाकीत भरून मिळणाऱ्या गॅसवर) घर तापवणारी कुणी मराठी माणसं इथे असतील तर कृपया वेळ काढून वाचा. मला खरंच मार्ग सुचत नाहीये.

आम्ही मिशिगनच्या उत्तर भागात, अप्पर पेनिन्सुलात राहतो. नवऱ्याची नोकरी होटन गावात. तिथली घरं परवडेनात म्हणून ऑक्टोबरमध्ये गावापासून पंचवीस मैलांवर १९७४ साली बांधलेलं घर घेतलं. १,९०० चौरस फूट, खाली बेसमेंट, मागे झाडी. गावात गॅसची पाइपलाइन आहे, आमच्या रस्त्याला नाही. त्यामुळे घर तापवणं, अंघोळीचं पाणी, स्वयंपाक, सगळं अंगणातल्या ५०० गॅलनच्या टाकीवर. टाकी गॅस कंपनीची आहे, आम्ही तिचं भाडं भरतो. घर घेताना याचा अर्थ काय होतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता हिशोब. २ नोव्हेंबरला ३०० गॅलन भरले, २.८९ डॉलर भावाने. १९ डिसेंबरला २८० गॅलन, ३.१९ ने. २३ जानेवारीला २६५ गॅलन, ३.३९ ने. एकूण २,६५८ डॉलर. टाकीचं भाडं आणि दर खेपेची फी वेगळी. लेक सुपीरियरवरून येणारा बर्फ इथे हंगामाला सरासरी दोनशे इंचांच्या वर पडतो आणि एप्रिलपर्यंत फर्नेस (घर तापवणारी गॅसची भट्टी) बंद करता येत नाही असं सगळे सांगतात. म्हणजे अजून बरंच बाकी आहे.

साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला गॅलन कळेना, म्हणून आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये मोजून पाहिलं. तीन महिन्यांत ११३ सिलिंडर. आईकडे एक सिलिंडर दीड-दोन महिने जातो. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

पैशाची ओढाताण आहेच, पण मी हे लिहायला बसले ते सासऱ्यांमुळे. बाबा ७४ वर्षांचे आहेत, डिसेंबरपासून आमच्याकडे आहेत. रात्री आठ तास थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारं बटण) सात ते दहा अंश फॅरनहाइटने उतरवला तर वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होते, हे मी वाचलंय. पण बाबांसाठी आम्ही तो ७० वर ठेवतो. गेल्या आठवड्यात पहाटे घर गारठलेलं वाटलं म्हणून पाहिलं तर आकडा ६२. आधी वाटलं फर्नेस बिघडली. मग कळलं, बिल आल्यापासून बाबाच रोज रात्री उठून तो खाली करतात. कानटोपी घालून, शाल गुंडाळून झोपतात. सकाळी चहाचा कप द्यायला गेले तेव्हा त्यांची बोटं बर्फासारखी लागली. मी विचारलं तर म्हणाले, "माझ्या एकट्यासाठी एवढा गॅस कशाला जाळता?" एकदा तर स्वयंपाकघरात शेगडी पेटवून हात शेकत बसले होते. त्यांनी आमच्या घरात अशी काटकसर करावी हे मला सहन होत नाही.

आत्तापर्यंत काय केलं: खिडक्यांना आतून प्लास्टिक लावलं, फर्नेसचा फिल्टर बदलला, बाबांच्या खोलीत १,५०० वॅटचा विजेचा हीटर ठेवला. टाकीवर लक्ष ठेवायलाही शिकले. झाकणाखालचा डायल दर रविवारी बघते. मागच्या खेपेच्या आदल्या दिवशी गुडघाभर बर्फातून टाकीपर्यंत गेले, झाकण उचललं, हातमोज्याने काच पुसली, काटा २७ टक्क्यांवर. तेव्हा पोटात गोळा आला होता.

शेजारी एक फिनिश वंशाच्या आजी आहेत. त्या याच कंपनीचा गॅस घेतात आणि त्यांना भाव पडतो २.१९. तोच ट्रक, तोच माणूस, तोच रस्ता. हे कसं?

मला विचारायचंय ते हे. भाव कमी करून घेता येतो का, की टाकी त्यांची असेपर्यंत आपण बांधलेले? फर्नेस १९९८ ची, ८० टक्के कार्यक्षमतेची आहे. ती बदलावी का? हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेचं यंत्र) घ्या असं नवऱ्याचे सहकारी म्हणतात, पण आमच्याकडे वीज युनिटला २५ सेंट पडते आणि थंडी शून्य फॅरनहाइटच्या खाली जाते. हातात साधारण तीन हजार डॉलर आहेत. ते आधी कुठे घालावेत?

---

प्रतिसाद

ताई, आधी शेगडीचं. ती शेकायला अजिबात वापरू देऊ नका. बंद घरात कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. झोपायच्या खोल्यांबाहेर त्याचा अलार्म आहे ना? नसेल तर आजच आणा, बाकी सगळं नंतर. गॅस गळतीचा अलार्मही बेसमेंटमध्ये लावा, आणि खाली, जमिनीलगत लावा. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साचतो.

आता भाव. मी मिनेसोटात बारा वर्षं प्रोपेनवर काढलीत. शेजारच्या आजींनी उन्हाळ्यात आगाऊ पैसे भरून भाव बांधून घेतला असणार. इथे याला प्रीबाय म्हणतात. जून ते ऑगस्टमध्ये कंपन्या पुढच्या हिवाळ्याचा भाव देतात. तुम्ही ऑक्टोबरात आलात, ती वेळ गेली होती, म्हणून तुम्हाला त्या त्या दिवसाचा भाव लागतोय.

टाकी भाड्याची असेल तर मालकाच्या परवानगीशिवाय दुसरा कुणी ती भरू शकत नाही. त्यामुळे तुम्ही इकडेतिकडे भाव विचारून काही उपयोग नाही असं कंपनीला वाटतं. पण फोन मात्र कराच. अमेरिकी सरकारचं ऊर्जा माहिती खातं, म्हणजे ईआयए, ऑक्टोबर ते मार्च दर आठवड्याला राज्यवार प्रोपेनचे भाव जाहीर करतं. मिशिगनचा आकडा समोर ठेवून बोला. आसपासच्या दोन कंपन्यांना, तुम्हाला वर्षाला किती गॅलन लागतात ते सांगून, नव्या ग्राहकाचा भाव विचारा. वर्षाला हजाराच्या वर गॅलन घेणारं घर त्यांनाही हवं असतं. टाकी विकत घ्यायची झाली तर किती, काढून नेण्याचे किती लावाल, हे लेखी मागा आणि करार नीट वाचा.

दर रविवारी डायल बघता हे उत्तम. पण काटा ३० च्या खाली येऊ देऊ नका. टाकी रिकामी झाली तर पुन्हा पेटवण्याआधी गळतीची तपासणी करावी लागते, तिचे पैसे वेगळे, आणि ती वेळ नेमकी हिमवादळात येते.

---

प्रतिसाद

वरच्या दादांच्या बोलण्यात एक भर घालते. आम्ही विस्कॉन्सिनमध्ये २०१४ चा जानेवारी पाहिलाय. आदल्या शरदात मका ओला निघाला, तो वाळवायला शेतकऱ्यांनी भरपूर प्रोपेन वापरला, मग कडाक्याची थंडी पडली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात देशभराची सरासरीच ४ डॉलरच्या वर गेली. आमच्या भागात कंपन्या एका वेळी थोडेथोडेच गॅलन देत होत्या. तेव्हापासून आम्ही सप्टेंबरात टाकी ८० टक्के भरून घेतो (त्याहून जास्त भरत नाहीत, गॅसला फुगायला जागा लागते) आणि भाव उन्हाळ्यातच बांधतो. आणखी एक, वर्षाचा खर्च बारा हप्त्यांत भरायची सोय बहुतेक ठिकाणी असते. त्याने पैसे वाचत नाहीत, पण जानेवारीचा धक्का बसत नाही.

---

प्रतिसाद

मी व्हरमाँटमधून. तीन हजार हातात आहेत तर माझ्या मते त्यातला पहिला डॉलर फटी बुजवण्यात घाला. फर्नेसला तूर्त हात लावू नका. ८० टक्क्यांवरून ९५ वर गेलात तर गॅस साधारण १६ टक्के कमी लागेल, पण घर गळकंच राहिलं तर ती नवी फर्नेससुद्धा अंगणच तापवणार. घर घट्ट केल्यावर कदाचित लहान फर्नेस पुरेल.

एक सोपी परीक्षा सांगते. वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती लावा आणि घरभर फिरवा. बाहेरच्या भिंतीवरचे विजेचे सॉकेट, पोटमाळ्याचं झाकण, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बेसमेंटमध्ये पायाची भिंत संपून लाकूड सुरू होतं ती कड. धूर सरळ वर न जाता जिथे वाकेल तिथे तुमच्या गॅसची ऊब बाहेर जातेय. सत्तरच्या दशकातल्या घरात ती लाकडाची कड बहुधा उघडीच असते. फोमच्या पाट्या कापून बसवायच्या आणि कडेने फोमचा फवारा मारायचा, दोन शनिवार-रविवारचं काम. फर्नेसच्या आणि बंबाच्या धुराड्याजवळ मात्र तो फोम नको, तिथे आग न धरणारं साहित्य लागतं.

पोटमाळ्यावर आधी फटी बुजवा, मगच वरून इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) टाका. तुमच्या थंडीत आर-४९ ते आर-६० इतकं हवं (आर म्हणजे ऊब अडवण्याचं माप, आकडा जितका मोठा तितकं चांगलं). तिथे सध्या किती इंच आहे ते पट्टीने मोजून इथे लिहा.

करसवलतीचं: घर घट्ट करण्यावरची फेडरल सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, त्यामुळे कुणी विक्रेता तिच्या नावावर काही गळ्यात मारत असेल तर सावध. पण उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर सरकारचा वेदरायझेशन (घर घट्ट करून देण्याचा) कार्यक्रम चालू आहे, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर त्यात प्राधान्य मिळतं. तुमच्या काउंटीच्या मदत केंद्रात विचारायला लाजू नका.

---

प्रतिसाद

हीट पंपाचा हिशोब करून देतो. एक गॅलन प्रोपेनमध्ये साधारण ९१,५०० बीटीयू (उष्णतेचं माप). तुमच्या फर्नेसमधून घरात येतात ७३,२०० च्या आसपास. विजेच्या एका युनिटमध्ये ३,४१२ बीटीयू. हीट पंप सरासरीने त्याच्या अडीचपट उष्णता देतो असं धरलं, तर एका गॅलनचं काम साडेआठ युनिटांत होतं. २५ सेंटने २.१५ डॉलर. तुम्ही ३.३९ देताय, त्यापुढे पंप स्वस्त. पण आजींच्या २.१९ पुढे तो जवळपास बरोबरीतच येतो. म्हणून दादा म्हणतात तसं आधी भावाचं मिटवा, मग पंपाचं ठरवा. घेतलात तरी फर्नेस काढू नका. शून्याखाली पंपाची ताकद उतरते आणि तेव्हाच तुम्हाला गरज जास्त असते.

साध्या हीटरला मात्र तेवढ्याच उष्णतेला साडेएकवीस युनिटं लागतात, म्हणजे ५.३६ डॉलर. सगळं घर ७० वर असताना तो चालू असेल तर दुहेरी खर्च आहे. उलट करा. रात्री बाकी घर ६४ वर आणा आणि फक्त बाबांची खोली हीटरने ७० ठेवा. दहा तास अखंड चालला तरी १५ युनिटं, पावणेचार डॉलर. हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेंशन वायरवर नको, आणि पांघरुणापासून तीन फूट दूर.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभरात काय झालं ते सांगते.

अलार्म त्याच संध्याकाळी आणले. बाबांना शेगडीचं कारण समजावून सांगितलं, त्यांना पटलं.

कंपनीला फोन केला. राज्याचा भाव सांगितला, दुसऱ्या कंपनीचाही सांगितला. पाच मिनिटं थांबवून ठेवलं आणि पुढची खेप २.७९ ने देतो म्हणाले. एका फोनने गॅलनमागे ६० सेंट! टाकीची किंमत लेखी मागितली आहे, अजून आली नाही.

उदबत्ती मी नाही फिरवली, बाबांनी फिरवली. रविवारी जोराचा वारा होता. बेसमेंटच्या उत्तरेकडच्या भिंतीशी धूर आडवा झाला आणि आत ओढला जाऊन थेट माझ्या तोंडावर आला. बाबांनी तिथे बोट लावलं तर बाहेरची हवा बोटाला लागत होती. त्यांनी खडूने सगळीकडे खुणा केल्यात, एकूण ३४. पोटमाळ्यावर पट्टी घातली: जेमतेम सहा इंच, तेही एका कोपऱ्यात उंदरांनी उकरलेलं.

रात्री आता घर ६४ आणि बाबांची खोली ७०. तीन रात्री थर्मोस्टॅटला कुणी हात लावलेला नाही. फोमच्या पाट्या आणल्यात, बाबा मापं घेतायत, नवरा कापतोय.

व्हरमाँटच्या ताई, एक विचारायचं राहिलं. उंदरांनी खराब केलेलं जुनं इन्सुलेशन काढावं लागेल की त्यावरच नवं टाकलं तर चालेल?