पाडव्याआधी माळा रिकामा करतोय, बाबांची ट्रंक टाकू का ठेवू?

माळ्यावरचा_माणूस:
मंडळी, पाडवा तोंडावर आलाय आणि घरात साफसफाईचं वारं शिरलंय. बाबा गेल्यापासून माळ्यावरची त्यांची ट्रंक कोणी उघडलीच नव्हती, काल खाली काढली तर आत सुतळीने बांधलेली वीजबिलं, एका कंपनीची कागदी शेअर सर्टिफिकेटं, हजाराच्या तीन जुन्या नोटा आणि एक चिठ्ठी. चुलतभावाने २०११ साली दुकानासाठी ८० हजार नेले होते, 'दिवाळीपर्यंत देतो' असं त्याच्याच अक्षरात, खाली सही. पैसे आले नाहीतच, वर येणंजाणंही बंद झालं. बायको म्हणते सगळं एकदम रद्दीत घाल, नवीन वर्षात ही कटकट नको. मला ती चिठ्ठी काही टाकवत नाहीये. काय करू?

बाराखडी:
वीजबिलं द्या हो बिनधास्त. पण आधी प्रत्येक कागद झटकून बघा, जुनी माणसं कशात काय खुपसून ठेवतील नेम नाही, आमच्या आजीच्या पंचांगात अंगठी निघाली होती. खरेदीखत, फेरफार असलं काही दिसलं तर लगेच बाजूला काढा.

कोर्टकचेरी:
शेअर अजिबात टाकू नका! एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर होतात आणि मग डीमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात, जातात. सलग ७ वर्षं डिव्हिडंड (कंपनीच्या नफ्यातला वाटा) कोणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ फंडात गेलेले असतात, तिथूनही परत मिळतात, फक्त चपला झिजवायची तयारी ठेवा. हजाराच्या नोटांना किंमत शून्य, पण १० पर्यंत जवळ ठेवल्या तर गुन्हा नाही, पोरांना दाखवायला ठेवा.
चिठ्ठीचं म्हणाल तर उधारी वसुलीची मुदत साधारण ३ वर्षं. मधे त्याने काही परत केलं नसेल, लिहून दिलं नसेल तर कोर्टात तिचा काही उपयोग नाही. आता त्याने नव्याने 'देतो' असं लिहून सही केली तरच.

तिखट_जाळ:
मग ठेवायची कशाला? दरवर्षी माळा काढणार, चिठ्ठी वाचणार, रक्त आटवणार. पैसे बुडीत खाती टाका आणि मोकळे व्हा. पण त्याला श्रीखंड खायला बोलवा वगैरे सल्ले कोणी देऊ नका प्लीज, पैसे सोडले म्हणजे माणसाला परत घरात घेतलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय.

बाराखडी:
@तिखट_जाळ तसं नाही हो, सख्खा नसला तरी भाऊच ना. दुकान चाललं का बुडालं ते तरी माहितीये का? कधीकधी लाजेपायीच माणूस तोंड चुकवतो.

माळ्यावरचा_माणूस:
दुकान बुडालं, ते ठाऊक आहे. बाबांनी एकदाही मागितले नाहीत, राग मीच धरून बसलोय, बाबांच्या वतीने म्हणा हवं तर. चिठ्ठी फाडतो. फोनचं बघू, काकूला भेटायला जायचंच आहे.
शेअरची कंपनी मात्र नेटवर सापडत नाहीये, नाव बदललं असेल का?

कोर्टकचेरी:
शक्य आहे, किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल. केंद्र सरकारच्या कंपनी खात्याच्या (एमसीए) साइटवर जुनं नाव टाकून शोधा. सापडली की तिच्या रजिस्ट्रारला (कंपनीच्या शेअरधारकांची नोंद ठेवणारी संस्था) सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर घालून पत्र पाठवा, वारसासाठी काय काय कागद लागतील ते तेच कळवतील. आणि सर्टिफिकेटं लॅमिनेट करू नका, बरेच जण करतात.